हाकेला येणारी बदकं

"मोटर बंद आहे!"

जनरलने भिंतीला लावलेला कान काढला आणि खाद्याच्या पोत्यांमागे दबा धरून बसलेल्या आपल्या फौजेकडे पाहिलं. फौज म्हणजे दोनच शिपाई. एक तिचा धाकटा भाऊ चष्म्या आणि दुसरी मावशीची आठ वर्षांची मुलगी. ही दिसायला एवढीशी होती, पण चिडली की असा चिमटा काढायची की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तिचं नाव चिमटी.

"नक्की बंद आहे?" चष्म्याने विचारलं. त्याला कुठल्याही गोष्टीची दोनदा खात्री लागायची.

"अरे, आपण आल्यापासून रात्रंदिवस घर्र घर्र चाललेली मोटर! ती मला कळणार नाही? ये, तूच ऐक!"

चष्म्याने कान लावला. मग त्याचे डोळे चष्म्यामागे आणखी मोठे झाले.

"मोटरचा आवाज नाहीच आहे. पण जनरल, आत कुणीतरी चिवचिवतंय!"

तिघांचेही कान एकदम भिंतीला चिकटले. खरंच की! अगदी बारीक, खोल रांजणातून यावा तसा आवाज. चिव... चिव चिव...

"पिल्लं!" चिमटी किंचाळली आणि जनरलने तिच्या तोंडावर हात दाबला. त्याबद्दल तिला चिमटाही बसला.

आता आनंदाने नाचायचं सोडून या तिघांच्या तोंडावर बारा का वाजले, ते सांगायला हवं.

मावशीकडे बदकं होती. बदकं काय, कुणाकडेही असतात. पण ही बदकं वेगळी होती. चिमटीचे बाबा, म्हणजे या दोघांचे काका, दर वर्षी बदकांमधून निवड करत. संध्याकाळी नुसती हाक मारली की जी आपणहून तळ्यातून घरी येतात, त्यांचीच अंडी उबवायला ठेवत. बाकीचे लोक काठ्या घेऊन चिखलातून बदकांमागे धावत, आणि काका काठावर उभे राहून फक्त "या गं, या!" म्हणत. तांबूस मानांची ती रांग डुलत डुलत घरी यायची. काका गेले. मावशीने नोकरी सोडली, निवड चालू ठेवली आणि हाकही चालू ठेवली. तशी बदकं दुसरीकडे कुठेच नव्हती.

आणि सुट्टी लागायच्या थोडं आधी एका रात्री खुराड्याच्या दाराची कडी लावायची राहिली. कुत्री शिरली. सकाळी एकही बदक उरलं नव्हतं.

उरली ती फक्त टोपलीतली अंडी. ती उबवायला बदकीण नव्हती, म्हणून मावशीने जनावरांच्या डॉक्टरांकडून उबवणीचं यंत्र मागून आणलं. लाकडी कपाटासारखं, काचेच्या दाराचं, आत दिवे आणि अंड्यांचे ट्रे हळूहळू कलते करणारी मोटर. "यातून निघतील तेवढीच आपली बदकं," मावशी म्हणाली होती. "नाही निघाली, तर संपलं." हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली होती की तिघांना जेवण गेलं नव्हतं.

कडी लावायला विसरला होता तो मावशीकडचा राखणदार. मुलांनी त्याचं नावच कडीकाका ठेवलं होतं. त्याच्या तोंडावर तसं म्हणायची! मुलं फार निर्दय असतात, आणि सुट्टीत तर जास्तच.

"पुरावे सांगते," जनरल बोटांवर मोजत म्हणाली. "एक, मोटर बंद. कुणी केली? कडीकाकाने. दोन, तो बादल्याच्या बादल्या पाणी आत नेतो आणि रिकाम्या बादल्या बाहेर आणतो. अंड्यांना काय अंघोळ घालतो? तीन, दाराला कुलूप, आणि हा स्वतः कुलपासमोर खुर्ची टाकून बसलेला. आणि चार, तो झरोका बघा!"

वर छताजवळ एक झरोका होता. त्यात ओलं गोणपाट कोंबून बसवलं होतं.

"हवासुद्धा बंद केलीय," चष्म्या कुजबुजला.

"पिल्लं बाहेर आलीत, उपाशी आहेत, गुदमरतायत, आणि हा शहाणा बाहेर बसून डुलक्या काढतोय!"

"आईला सांगू या," चिमटी म्हणाली.

पण मावशी सकाळीच शहरात गेली होती. पिल्लांना ऊब द्यायचे दिवे आणायला. घरातून फोन लावला तर नुसती घंटा वाजत राहिली. मग जनरल तडक कडीकाकासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, दार उघडा. आत पिल्लं ओरडतायत."

"ओरडू दे."

"ओरडू दे? म्हणजे?"

"बाईंनी सांगितलंय, त्या आल्याशिवाय दार उघडायचं नाही. काहीही झालं तरी."

"पण का?"

"ते मला विचारू नका. उघडायचं नाही म्हणजे नाही." त्याने कमरेची किल्ली मुठीत धरली. त्याचे डोळे लाल झाले होते. काही रात्री तो झोपलाच नसावा. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"दार उघडं ठेवायचं तेव्हा बंद, आणि बंद ठेवायचं तेव्हा उघडं!" जनरल फणकारली.

कडीकाकाचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने मान खाली घातली, आणि त्यामुळे जनरलला आपण बरोबरच आहोत असं वाटलं.

ती पुन्हा पोत्यांमागे आली आणि कान लावला. मघाशी चार-पाच आवाज येत होते, आता एकच होता. तोही थांबत थांबत येत होता.

"आवाज कमी झाला," ती म्हणाली. "मरतायत ती! चष्म्या, मरतायत!"

"मावशीला परत फोन करू. पाच मिनिटं थांबू..."

"तू थांब! उंटावरून शहाणपण शिकव! मावशी आली आणि आत सगळी मेलेली असली, तर तू सांगणार तिला की आम्ही भिंतीला कान लावून बसलो होतो?"

चष्म्या पोती सरकवायला लागला. जनरलच्या डोक्यात विचार यायच्या आधी पाय उचलले जात. वर्गात कुणाचा डबा हरवला तर शोधायला हीच पळायची, भांडणात मधे हीच पडायची, आणि आजवर दर वेळी टाळ्याही हिलाच मिळाल्या होत्या.

"चिमटे, पळ आणि ओरड. तळ्याकाठी कुत्रा आलाय म्हणून ओरड!"

चिमटीने तिच्याकडे बघितलं. "कुत्रा नको ना गं ताई. दुसरं काहीतरी ओरडते."

"दुसऱ्या कशाला तो उठणार नाही!"

हे मात्र अगदी खरं होतं. "कुत्रा! कुत्रा!" अशी हाळी ऐकताच कडीकाका खुर्ची उलथी पाडून उठला, दाराशी टेकवलेली काठी उचलली आणि अनवाणीच तळ्याकडे धावत सुटला. चिमटीने पलीकडच्या बांबूंकडे बोट दाखवलं. तो बांबूंत शिरला. काठी आपटल्याचे आवाज येऊ लागले.

इकडे जनरल पोत्यांवर पोती चढवून झरोक्यापर्यंत पोचली होती. गोणपाट ओढून काढलं, आधी डोकं, मग एक खांदा, मग दुसरा. पाठ खरचटली, फ्रॉक टर्रकन फाटला आणि ती धप्पकन आत पडली.

आत अंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखी उबदार ओल होती. जमिनीवर पाण्याच्या परातीच पराती, त्यांत भिजत घातलेली फडकी. आणि कपाटाच्या काचेवर आतून धुकं साचलेलं. तिने बाहेरून तळहाताने काच पुसून पाहिली, काही दिसेना. मग तिने दार उघडलं.

एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. ट्रेमध्ये अंडीच होती. पण जवळजवळ प्रत्येक अंड्यावर तडा गेला होता. काहींना छोटंसं भोक पडलं होतं आणि भोकातून चोचीचं टोक दिसत होतं. एक चोच उघडली, मिटली, आणि गप्प झाली.

"अडकलीत!" ती झरोक्याकडे तोंड करून ओरडली. "अंड्यातच अडकलीत! ताकद संपलीय त्यांची! या लवकर!"

चष्म्या आत उतरला, त्याच्या मागून धापा टाकत चिमटी.

"ताई, बदकीण कधी अंडं फोडत नाही," चिमटी कपाटाकडे बघत म्हणाली. "ती नुसती बसून राहते. पिल्लं आपली आपण येतात."

"पण इथे बदकीण आहे कुठे? बदकीण नाही, म्हणून तर कुणीतरी मदत करायला हवी ना!"

आणि तिने पहिलं अंडं हातात घेतलं. कवच नखाने सोललं. खाली पांढरा पातळ पडदा होता, त्यात लाल दोऱ्यांसारख्या बारीक शिरा. पडदा ओढला तेव्हा बोटांना रक्त लागलं. "बघा, जखमा झाल्यात," ती म्हणाली. पिल्लू ओलंचिंब होतं, तिच्या तळहातात मान टाकून पडलेलं. मग त्याने मान उचलली.

"जगलं!" चष्म्या उडी मारून ओरडला. "जनरल, जगलं!"

मग काय विचारता! तिघांची फॅक्टरीच सुरू झाली. जनरल सोलायची, चष्म्या फडक्याने पुसायचा, चिमटी आपल्या फ्रॉकच्या ओच्यात घ्यायची. झरोक्यातून दुपारचा कोरडा वारा आत येत होता आणि कपाटाचं दार सताड उघडं होतं. आता कशी मोकळी हवा मिळतेय, असं जनरलला वाटलं. जी अंडी सोलून झाली नव्हती, त्यांनाही तिने श्वास घेता यावा म्हणून मोठी भोकं पाडून ठेवली. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. मावशी दारातून येईल, ओच्यातली पिल्लं बघेल, आणि तिला कुशीत घेईल. ती कशी घेईल, तेसुद्धा जनरलने मनात ठरवून टाकलं होतं.

"ताई," चिमटी म्हणाली, "हे हलत नाहीये."

"दमलंय."

"हेही हलत नाहीये."

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. दारात कडीकाका उभा होता. अंगावर बांबूंचे ओरखडे, पायांना चिखल. त्याने कपाट पाहिलं, झरोका पाहिला, चिमटीचा ओचा पाहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पुढे आला, कपाटाचं दार हलक्या हाताने लावलं, गोणपाट भिजवून झरोक्यात कोंबलं आणि चुलीवर पाणी तापवायला धावला. धावता धावता तो रडत होता. मोठा माणूस असा रडताना तिघांनी कधीच पाहिला नव्हता.

मावशी आली ती हातात दिव्यांची खोकी घेऊनच. तिने ती दाराशी ठेवली आणि कपाटासमोर गुडघ्यांवर बसली.

"मोटर बंद होती," जनरल म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"शेवटच्या दिवसांत अंडी हलवायची नसतात. पिल्लू आत तोंड वर करून बसलेलं असतं."

"पाणी..."

"हवा ओली लागते. नाहीतर पडदा सुकतो आणि पिल्लाला चिकटतो. मग त्याला अंड्यात फिरता येत नाही."

"ती गप्प झाली होती, मावशी. खरंच. आधी ओरडत होती आणि मग गप्प झाली."

"भोक पाडून दमतात. मग दिवसभर आराम करतात. कधी त्याहून जास्त. तेवढ्यात पडद्यातलं रक्त अंगात जातं, बलक पोटात जातो." मावशीने एक सोललेलं पिल्लू उचललं. "ते व्हायच्या आधी बाहेर काढलं, की रक्त बाहेरच राहतं."

जनरलने आपल्या बोटांकडे पाहिलं. रक्त वाळून नखांत काळं झालं होतं.

"मला ओरड ना," ती म्हणाली. "मावशी, मार मला."

"मारून काय होणार आहे? ते फडकं पिळून दे."

तो सगळा दिवस आणि दुसराही दिवस मावशी आणि जनरल कोमट पाण्याच्या फडक्याने एकेका अंड्याचा सुकलेला पडदा ओला करत बसल्या. मावशीने तिला घालवून दिलं नाही, हीच मोठी शिक्षा होती. चोच हलायची, मग हलायची थांबायची. मावशी ते अंडं उचलून टोपलीत ठेवायची आणि पुढचं घ्यायची. जनरल मनातल्या मनात कुणाकुणाला कबूल करत होती की मी पुन्हा कधीही कशात पडणार नाही, फक्त एवढं जगू दे. मग पुढचं जगू दे. टोपली भरत गेली.

शेवटी एकच पिल्लू जगलं. जनरल कोपऱ्यातल्या ज्या अंड्याला भोक पाडायचं विसरून गेली होती, त्यातलं. ते सकाळी आपलं आपण बाहेर आलं आणि समोर बसलेल्या जनरलकडे टक लावून पाहत राहिलं. मावशीने ते उलटं करून तपासलं.

"नर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बदकिणींत सोडायचं. मग होतील ती पिल्लं त्या बदकिणींसारखी, हाकेला न येणारी." मावशीने पिल्लू खाली ठेवलं आणि ती पराती उचलायला लागली.

त्याच सकाळी कडीकाकाने किल्ली खिडकीत ठेवली आणि पिशवी घेऊन निघाला. "बाई, माझ्याच्यानं राखण होत नाही," एवढंच म्हणाला. जनरल रस्त्यापर्यंत त्याच्यामागे धावली.

"काका, कुत्रा नव्हताच! आम्ही खोटं ओरडलो होतो!"

"कळलं होतं मला. बांबूंत शिरल्यावर लगेच कळलं."

"मग परत का नाही आलात?"

"असलाच तर?" कडीकाका म्हणाला.

"तुम्ही नका ना जाऊ. चूक माझी आहे, सगळी माझी आहे. मी मावशीला सांगितलंय."

"तुझी तुझ्याकडे राहू दे, पोरी. माझ्याकडे माझी आहे." त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो चालू लागला. जनरल रस्त्यात उभी राहिली. परतताना तिच्या लक्षात आलं की पिल्लू तिच्या पायांशी आहे. घरापासून इथवर ते धडपडत तिच्यामागे आलं होतं.

त्यानंतर ते तिला सोडेना. ती बसली की ते बसायचं, ती उठली की उठायचं. दार लागलं तर दाराबाहेर आकांत मांडायचं. यंत्र न्यायला आलेल्या डॉक्टरांना हे सगळं फार आवडलं. "एवढ्याशा झरोक्यातून शिरली ही? धाडसी आहे हो पोरगी! चुकलं असेल, पण मन बघा केवढं मोठं!" असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. आजवर अशा थापेने ती फुगून जायची. आता ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मोरीच्या दाराबाहेर पिल्लू ओरडत राहिलं.

सुट्टी संपली. बाबा दोघांना न्यायला आले. निघायच्या आधी मावशी म्हणाली, "याला आज पाण्यात घालू या. तू असतानाच शिकलं तर बरं."

पण पिल्लू काठावरच बसलं. ढकललं तरी परत जनरलच्या पायांत. शेवटी तीच गुडघाभर पाण्यात शिरली, तेव्हा ते तिच्यामागून टुपकन उतरलं आणि तिच्याभोवती गोल गोल पोहायला लागलं. काठावर चष्म्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या.

"वा! अगदी आईच झालीस की त्याची!" बाबा कौतुकाने हसले.

चिमटी हसली नाही. मावशीने तिचा हात धरला होता.

"चला आता, बस चुकेल," बाबा म्हणाले.

जनरल एक पाऊल काठाकडे आली. पिल्लू वळून तिच्यामागे आलं. ती पुन्हा आत गेली. तेही आत गेलं. तळ्यात दुसरं कुणीच नव्हतं.

"मावशी, याला दुसऱ्या कुणाच्या बदकांत सोडलंस, तर राहील ना हे?"

"राहायला वेळ लागेल. त्याला बदक म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला तूच माहीत आहेस."

"मी घरी नेऊ याला?"

"तिसऱ्या मजल्यावर?"

जनरलने बाबांकडे पाहिलं. बाबा घड्याळाकडे पाहत होते.

"ये बाहेर," मावशी म्हणाली आणि साडी वर खोचून पाण्यात उतरली. "मी धरते त्याला."

"ते ओरडेल."

"ओरडेल," मावशी म्हणाली. "दोन-तीन दिवस ओरडेल."

तिने दोन्ही हातांनी पिल्लू उचलून पदरात घेतलं. जनरल पाण्यातून बाहेर आली आणि चपला हातात घेऊन बाबांच्या मागे रस्त्याला लागली.